समूह ई-मेल : पत्त्यांची यादी हीच गोपनीय माहिती

तालिबानने काबूल ताब्यात घेतल्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २० सप्टेंबर २०२१ रोजी, ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २४५ अफगाण नागरिकांना एकच ई-मेल पाठविला. ब्रिटिश फौजांना साह्य केलेले हे लोक देशाबाहेर पडण्याच्या प्रतीक्षेत होते. सर्वांचे पत्ते ‘टू’ या रकान्यात भरल्यामुळे प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते दिसले. ५५ जणांची तर छायाचित्रेही. दोघांनी सर्वांनाच उत्तर पाठविले आणि त्यांपैकी एकाने आपला ठावठिकाणाही त्यात लिहिला. यादी तालिबानच्या हाती लागती, तर लोकांच्या जिवावरच बेतले असते.

एरवी ई-मेलचा पत्ता ही किरकोळ बाब मानली जाते. व्हिजिटिंग कार्डावर तो छापलेलाच असतो. परंतु तो कोणत्या यादीत आहे, यावरून माणसाविषयी बरेच काही उघड होते. लंडनमधील ‘५६ डीन स्ट्रीट’ या दवाखान्याचे वार्तापत्र सप्टेंबर २०१५ मध्ये अशाच रीतीने ७८१ पत्त्यांवर गेले. ते घेणाऱ्यांत बहुसंख्य एचआयव्हीबाधित होते आणि ७३० पत्त्यांत पूर्ण नावे होती. मजकुरात आजाराविषयी काही असो वा नसो, यादीनेच सारे सांगून टाकले.

अशा वेळी दोष बहुधा कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या माथी मारला जातो. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. संरक्षण मंत्रालयात ७ व १३ सप्टेंबरलाही तशाच चुका झाल्या होत्या. दवाखान्यात २०१० मध्ये. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला ३.५ लाख पौंड दंड केला, तोही प्रामुख्याने समूह ई-मेल सुरक्षितपणे पाठविण्याची निश्चित कार्यपद्धतीच या पथकाकडे नव्हती म्हणून. पत्ते लपविणाऱ्या ‘बीसीसी’ रकान्यावर भिस्त ठेवणेही धोक्याचेच, कारण घाईत रकाना चुकतो आणि बाहेर गेलेला ई-मेल परत बोलावता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत धाडणारी प्रणाली वापरली, तर ही चूक घडण्यास वावच उरत नाही.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर आलेली दहा लाखांहून अधिक मते प्रेषकांच्या ई-मेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकली, तेव्हा मोठी टीका झाली होती. त्या वेळी याविषयी स्वतंत्र कायदा नव्हता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापुढे १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे. मात्र हा कायदा संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग मानत नाही. रुग्णांची यादी आणि वर्गणीदारांची यादी त्याच्या लेखी एकाच पंक्तीत बसतात. त्यांतील फरक ओळखण्याचे काम रुग्णालये, बँका आणि सरकारी कार्यालयांवरच पडणार आहे.