आपणांस हें कळलें कसें?

गेल्या पालकसभेच्या दिवशीं पुंडलिकनगरांत राहणारे एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. त्यांचा धंदा गवंडीकामाचा. त्या वस्तींतील कित्येक घरांचे गिलावे त्यांच्या हातचे. त्यांची कन्या आमच्या शाळेंत नववींत आहे. शिळ्या भाकरीवरील बुरशी तिनें शाळेच्या सूक्ष्मदर्शकांतून पाहिली, आणि त्या दिवसापासून तिला दुसरें कांहीं सुचेना. मोठेपणीं आपण हेंच शिकणार, असें तिनें घरीं सांगून टाकलें. वडील काळजींत पडले. ते म्हणाले, “सर, डॉक्टर ठीक, इंजिनिअर ठीक, पण बुरशी शिकून कोणाचें पोट भरतें काय?”

प्रश्न रास्त होता. ज्यानें उन्हांत उभें राहून मुलांच्या फीचे पैसे जमविले, त्यानें तो विचारूं नये तर कोणीं विचारावा? म्हणून आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला, आणि त्याचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एखाद्या आडवळणाच्या शास्त्राची किंमत ठरवावयाची असल्यास प्रथम त्या शास्त्राच्या जाणत्याकडे जाऊन बसावें. आणि बोलतांना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मागें ठेवून ‘आपणांस हें कळलें कसें?’ हा प्रश्न आधीं विचारावा.

उदाहरणांसाठीं दूर जावयास नको. आपल्याच शहरांतील मराठवाडा विद्यापीठांत प्रा. एस. टी. टिळक हे वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता हवा. म्हणजे वारा नव्हे, तर हवेंत तरंगणारे बुरशीचे बीजाणू व फुलांचे परागकण. या शास्त्रास वायुजीवशास्त्र असें नांव आहे. ‘जें डोळ्यांस दिसत नाहीं तें आपण मोजतां कसें?’ असें कोणी विचारल्यास उत्तर मोठें मौजेचें आहे. एका पेटींत विजेच्या साह्यानें हवा ओढून घ्यावयाची. आंत एक नळकांडें संथपणें फिरत असतें, त्यावर चिकट पट्टी लावलेली असते, आणि हवेंतील कण तिला येऊन चिकटतात. पट्टीचा कोणता भाग कोणत्या वेळीं पुढें आला हें ठाऊक असल्यामुळें कोणत्या प्रहरीं हवेंत काय होतें तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतें. अशी सतत आठ दिवस चालणारी पेटी टिळकांनीं रचली व १९७० सालीं आपले सहकारी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. पिकांवर येणारा रोग वाऱ्यानें कसा पसरतो, दमेकऱ्यास कोणत्या ऋतूंत अधिक त्रास कां होतो, लेण्यांतील कोंदट हवेंत काय वाढतें, हे सर्व प्रश्न या शास्त्राच्या कक्षेंत येतात. उपयोग असा मागाहून चालत आला; आधीं होतें तें एका माणसाचें कुतूहल.

दुसरें उदाहरण वेरुळाचें. तेथील बाराव्या लेण्यांतील मातीचा गिलावा सुमारें दीड हजार वर्षांचा आहे. पुरातत्त्व खात्याच्या विज्ञानशाखेंतील रसायनज्ञ राजदेव सिंह आणि येथील विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे मिलिंद सरदेसाई या दोघांनीं त्या गिलाव्याचे कण तपासले व आपला निष्कर्ष २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत मांडला. त्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाच्या काड्या मिसळलेल्या होत्या, आणि त्यांचें प्रमाण सुमारें १० टक्के होतें. तें त्यांना कसें कळलें? ताज्या झाडाचे नमुने आणून जुन्या काड्यांशीं सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून पाहिले तेव्हां. अजिंठ्याच्या गिलाव्यांत हें झाड आढळलें नाहीं, आणि तेथील चित्रांस किड्यांनीं बराच उपद्रव दिला आहे. वेरुळास तसें झालेलें नाहीं. यावरून किडीस दूर ठेवण्याचा गुण या काड्यांत असावा, असें त्या दोघांचें मत पडलें. ज्या झाडाची नशा माणसास धुळीस मिळविते, त्याच झाडाची काडी भिंतीस तारते, हें ज्ञान वनस्पतीची पेशी ओळखणाऱ्या डोळ्यावांचून कोणास झालें असतें?

येथें कोणी म्हणेल कीं, तज्ज्ञ सांगतील तें सारें खरें मानावयाचें काय? मुळींच नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहा. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर ज्वालामुखीचें असावें असें अनेक भूशास्त्रज्ञ पूर्वीं मानीत. पुढें तळाशीं भोकें पाडून खालचा खडक वर काढला. त्यांत प्रचंड आघातानेंच बनणारी कांच सांपडली, आणि आकाशांतून पडलेल्या पाषाणानें तें झालें असें १९७३ सालीं सप्रमाण मांडण्यांत आलें. त्याचें वय एका पद्धतीनें सुमारें ५२ हजार वर्षें निघालें होतें; २०११ सालीं दुसऱ्या पद्धतीनें तें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें निघालें. हा फरक पाहून हसूं येईल. परंतु आम्हांस त्यांत शास्त्राचा मोठेपणा दिसतो. खरा जाणता आपलें मत पुराव्याच्या दारांत बांधून ठेवतो, आणि पुरावा बदलला कीं तें सोडून देतो. म्हणूनच त्यास ‘कळलें कसें?’ याच्या जोडीला ‘आपली चूक कोठें होऊं शकेल?’ हेंहि नम्रपणें विचारावें. भोंदू या प्रश्नानें रागावतो. विद्वान खुर्ची पुढें ओढून बसतो.

हें सर्व आम्ही त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकलें, पण त्यांचें समाधान झालें नाहीं. तेव्हां एका शनिवारीं त्यांस व त्यांच्या कन्येस घेऊन आम्ही येथील एका महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंकडे गेलों. मुलगी लाजून गप्प होती. बाईंनीं कांचपट्टीवर भिंतीवरची काळी बुरशी दाखविली, आणि बापानें भिंगांत पाहतांच तोंड उघडलें. “ही आमची वैरीण,” ते म्हणाले. पावसाळ्यांत कोणती भिंत आधीं काळवंडते, वाळूंत माती राहिल्यास काय होतें, नव्या गिलाव्यास पुरतें वाळूं न देतां रंग दिला तर पोपडे कसे धरतात, हें ते सांगूं लागले. बाईंनीं वही काढून लिहून घेतलें. मग मुलीची भीड चेपली. तिनें एकामागून एक प्रश्न विचारले, आणि तासाभरानें तिघांसहि घड्याळाची आठवण राहिली नव्हती.

आम्ही मात्र कोपऱ्यांत बसून ओशाळलों. हे गृहस्थ चार वर्षें आमच्याकडे पालक म्हणून येत होते. मुलीचे गुण, हजेरी, फी यांपलीकडे आम्ही त्यांस कधीं कांहीं विचारलें नव्हतें. जाणत्यास प्रश्न विचारा, असा उपदेश करणाऱ्या शिक्षकाच्या समोर एक जाणता येऊन उभा राही, आणि शिक्षक त्यास पावती देऊन परत पाठवी!

त्या मुलीचें पुढें काय व्हावें तें अद्याप ठरलेलें नाहीं. पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि प्राध्यापिकाबाईंनींहि तो झांकून ठेवला नाहीं: या वाटेस वर्षें पुष्कळ लागतात व नोकऱ्या थोड्या असतात, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. शेती, औषधें व अन्नरक्षण या खात्यांत बुरशी ओळखणाऱ्यांची गरज असते, हेंहि सांगितलें. निर्णय त्या घराचा आहे. परंतु आतां तो माहितीवर होईल, भीतीवर होणार नाहीं. वडील मुलीशीं या विषयावर बोलतात, हाच आमच्या मतें मोठा लाभ होय.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल एखाद्या विचित्र विषयाचें नांव घेईल तेव्हां ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं त्याच्यासह त्या विषयाच्या एका जाणत्यास भेटावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, भेटावयास जातांना आधीं थोडें वाचून जा. तीन प्रश्न लिहून न्या. उत्तर मिळत असतां मध्यें बोलूं नका. न समजल्यास ‘समजलें’ म्हणूं नका. आणि घरीं आल्यावर आभाराचें पत्र लिहा. सुटींत प्रत्येकानें अशी एक तरी भेट घेऊन तिची हकीकत आम्हांस द्यावी. पुढील अंकांत त्यांतील चांगल्या हकीकती छापण्याचा आमचा विचार आहे.

आपला प्रभु बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता, असें शुभवर्तमानांत लिहिलें आहे. ज्याच्याजवळ सर्व ज्ञान होतें त्यासहि ऐकणें व विचारणें कमीपणाचें वाटलें नाहीं. मग आम्हां शिक्षकांस, तुम्हां पालकांस, आणि नववींतल्या एका मुलीस तें कां वाटावें?