जुनी सायकल घेताना
कमी पैशांत भरवशाची सायकल हवी असेल, तर गिअर आणि शॉकअप असलेल्या चकचकीत स्वस्त सायकलींचा मोह सोडा. त्या किमतीत सुटे भाग हलक्या दर्जाचेच बसवलेले असतात. त्यापेक्षा २८ इंची चाकांची, साधी काळी जुनी सायकल शोधा. वरवरचा गंज, फाटकी सीट, झिजलेले टायर यांनी बिचकू नका, ते साफ करता किंवा बदलता येतं. खरी पाहायची ती फ्रेम. सांध्यापाशी तडा किंवा वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, की सरळ पुढच्या दुकानात जा. मग चाक उचलून फिरवा, रिम आऊट आहे का बघा; क्रँक आडवा हलवा, खुळखुळला तर छर्रे गेलेत. तो खर्च भाव करतानाच वळता करून घ्या. लांबच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलीसाठी घेत असाल, तर सायकल रोज लांब चालणार, म्हणून ओळखीचा मिस्त्री सोबत न्याच.