हिंगाच्या डबीतला गहू

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात आमटीला चव येते ती हिंगाने. घरात सिलिअ‍ॅक विकाराचे मूल असेल, तर मात्र त्याच डबीकडे प्रथम संशयाने पाहावे लागते. कारण बाजारातील मिश्र हिंगात डिंकाबरोबर पुष्कळदा मैदा किंवा कणीक असते. पोळी बंद केली, रवा-शेवया बंद केल्या, तरी फोडणीतून गहू पोटात जातच राहतो.

गहू, जव यांसारख्या धान्यांतील ग्लुटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषला जात नाही. जुलाब होतातच असे नाही. कित्येकदा खुंटलेली उंची किंवा लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण असते. औषध नाही, आयुष्यभराचे पथ्य हाच उपचार.

येथे एक चूक वारंवार घडते. कोणी सांगितले म्हणून घरचे आधीच गहू बंद करतात. मुलाला बरे वाटते, पण पुढे रक्ताच्या टीटीजी चाचणीत आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यात रोग सापडेनासा होतो. तपासणी गहू चालू असतानाच व्हावी. त्यासाठी महागड्या दवाखान्याचीच वाट धरावी असे नाही. परळला १९२६ पासून महापालिकेचे केईएम आहे आणि जवळच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय.

निदानानंतरचा भार मात्र घरावरच पडतो. इटलीत रुग्णाला ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा सरकारी साहाय्य मिळते. आपल्याकडे वाण्याचे बिल आपणच भरायचे. तयार पाकिटांत बटाट्याचा स्टार्च निघाला की तीही जैन घरात परत जातात. सुदैवाने तांदूळ, मूग, ज्वारी, नाचणी घरात असतातच. पण गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. घरघंटी वेगळी हवी, तवा आणि चाळणीही. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत साध्या भाताचे पातेले व डाव निराळा ठेवणे व्यवस्थापकांना जड नाही.

सर्वांत अवघड जागा सगाईची. मुलीचा आजार लपवला जातो, मग नवी सून सासरी संकोचाने गव्हाची पोळी खाते आणि वर्षभरात पुन्हा अशक्त होते. बोलणीच्या वेळीच ‘हिची भाकरी वेगळ्या तव्यावर लागेल’ इतके सांगता येते.