किल्ली आपल्याच घरात हवी

इथल्या ओल्या हिवाळ्यात डीह्युमिडिफायर रात्रीच्या स्वस्त विजेवर चालावा म्हणून आम्ही ‘स्मार्ट’ प्लग घेतला. कंपनीने सर्व्हर बंद केला आणि धडधाकट प्लग मुका झाला. हे एकट्या आमचेच नाही. बेल्किनने ३१ जानेवारी २०२६ रोजी बहुतेक वीमो उपकरणांची क्लाउड सेवा थांबवली. माझ्या मते पैसे मोजण्यापूर्वी एवढेच विचारावे: कंपनीच्या सर्व्हरशिवाय हे चालेल का? टॅस्मोटा किंवा ईएसपीहोम ही खुली फर्मवेअर असलेले प्लग घरच्या वायफायवरच हुकूम घेतात. वीजवापराची नोंदही घरातच राहते. मात्र प्लग स्वतः उघडू नका. फर्मवेअर आधीच भरलेला, आरसीएम खूण असलेला घ्या. गरम पाण्याच्या सिलिंडरला तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा. बचत थोडीथोडकीच होईल, पण दुसऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही.