'चेक इंजिन'चा दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुरावा नष्ट करणं आहे!

दहिवलीपासून खालापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तो पिवळा दिवा लागलाय, जरा घालवून दे ना." 'काय झालंय ते बघ' असं नाही. 'घालवून दे'. मग गॅरेजमधला पोरगा स्कॅनर आणतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावतो, दोन बटणं दाबतो. दिवा जातो, पैसे दिले जातात आणि गाडी रस्त्याला लागते. सगळे खूश.

माझं म्हणणं असं आहे की, या व्यवहारात ग्राहक नागवला गेलेला असतो. आणि वाईट म्हणजे, ही फसवणूक त्याने स्वतः मागून घेतलेली असते.

आधी नेमकं काय पुसलं गेलं ते पाहू. गाडीच्या कॉम्प्युटरला एखादी गोष्ट खटकली की, तो फक्त दिवा लावून थांबत नाही. तो एक कोड लिहून ठेवतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही. कोडसोबत तो त्या क्षणाचा पंचनामाही करतो. इंजिन किती आरपीएमवर होतं, किती तापलेलं होतं, गाडी किती वेगात होती, हे सगळं साठवलं जातं. दोष घाट चढताना आला की सिग्नलला उभं असताना, थंड इंजिनात की तापलेल्या, हे त्यातून कळतं. मेकॅनिकचं निम्मं काम इथेच होतं. 'क्लिअर'चं बटण दाबलं की कोड जातो, हा पंचनामाही जातो. शिवाय गाडीने स्वतःच्या ज्या चाचण्या पूर्ण केलेल्या असतात, त्यांची नोंदही कोरी होते.

याला आपण दुरुस्ती म्हणतो. घरात चोरी झाल्यावर पोलिस यायच्या आत फरशी धुऊन काढावी, तसला प्रकार आहे हा.

आणि त्याची गरजही नसते. दोष खरोखर गेला असेल, तर पुढच्या तीन फेऱ्यांमध्ये गाडी तो पुन्हा तपासते आणि दिवा आपोआप विझवते. फेरी म्हणजे गाडी सुरू करून ती चाचणी पूर्ण होईपर्यंत चालवणं. कोडसुद्धा इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन पुन्हा तापलं की, स्वतःहून निघून जातो. दुरुस्तीनंतर मेकॅनिकने कोड काढला तर हरकत नाही. तो वाचून, लिहून, दोष काढून मग. पण वाचायच्या आधीच पुसायची घाई ज्याला असते, त्याला दुरुस्ती करायची नसते.

हा दिवा मुळात कुणासाठी आहे, हेही आपण विसरलो आहोत. तो सर्व्हिस सेंटरचा गल्ला भरावा म्हणून आलेला नाही. तो हवेसाठी आला. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःच्या धुराची यंत्रणा स्वतः तपासायला लावली. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि एकाच भाषेतले कोड सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज ४च्या गाड्यांना २०१०पासून या तपासणीचा पहिला टप्पा लागू झाला आणि १ एप्रिल २०१३पासून दुसरा. म्हणजे गेल्या दशकभरातल्या जवळपास प्रत्येक कारमध्ये हा सॉकेट आहे. तो कायद्याने बसवलेला आहे, गाडीच्या किमतीत त्याचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत. मग त्यातून निघणारी माहिती तुमची नाही, तर कुणाची?

आता आपल्या भागात या. इथला दिवा इथल्याच कारणांनी लागतो. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ सांगतात की, आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. तिकडे टाकीतून वाफ गळते का हे शोधणं गाडीला सक्तीचं आहे, म्हणून तो सल्ला तिकडे बरोबर. आपले नियम युरोपच्या नियमांवर बेतलेले. त्यात ती सक्ती नाही. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांत झाकण कितीही आवळलं, तरी दिव्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

आपली कारणं वेगळी आहेत. पावसाळ्यात भातखाचरात पाणी भरलं की, उंदीर कोरडी, ऊबदार जागा शोधत बॉनेटखाली येतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. कोड म्हणतो, 'सेन्सर खराब'. न बघता सेन्सर बदलला, तर हजारो रुपये जातात. वाकून वायर पाहिली, तर जोड आणि टेप. ओल धरलेली किंवा थकलेली इग्निशन कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते आणि बोरघाटात किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरीला चढताना लोड आला की, दगा देते. ज्या टॅक्सीवाल्याचं पोट त्या चढावर आहे, त्याने दर सोमवारी दिवा 'घालवला', तर दर शनिवारी तो पुन्हा लागणार.

नवी डिझेल गाडी घेतलेल्यांचं दुखणं आणखी निराळं. भारत स्टेज ६च्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. दहिवलीहून उल्हास नदीवरचा पूल ओलांडून कर्जत स्टेशन आणि परत, एवढंच जिचं रोजचं धावणं, तिचा फिल्टर तुंबणारच. तिला पार्ट नको असतो, वेळीच एक्सप्रेसवेवर एक फेरी हवी असते. हे दिवा वेळेवर सांगतो. आपण तो पुसतो, इशारा टाळत राहतो आणि शेवटी फिल्टरच बदलायचं बिल येतं.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची कथा तर उघडं गुपित आहे. किटचं ट्युनिंग नीट नसलं की, मिश्रण बिघडतं, ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो, दिवा लागतो. यावर ट्युनिंग सुधारणं हा उपाय. सर्रास होतं काय? कॉम्प्युटरला खोटा सिग्नल दिला जातो, नाहीतर सरळ दिव्यालाच काळी टेप.

मग दोष गॅरेजवाल्याचा? काही प्रमाणात हो. पण सगळा राग त्याच्यावर काढणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. ज्याच्या हातात फक्त पुसायचं यंत्र आहे, तो पुसणारच. वाचायचं यंत्र त्याच्यापर्यंत पोचू दिलं गेलं नाही, आणि हा माझा संशय नाही. २०११मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली : कार कंपन्या सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी ठरवलं आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यात परदेशी नावं होती, तशीच टाटा, महिंद्रा, मारुतीही होती. भाग आणि निदानाची साधनं खुली करा, असा आदेशही दिला. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६मध्ये अपील लवादाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. २४ डिसेंबर २०२२ला केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. कागदावर सगळं आहे. दहिवलीच्या गॅरेजमध्ये मात्र अजूनही स्वस्तातला स्कॅनर आहे. तो सगळ्यांसाठी समान असलेले कोड वाचतो आणि कंपनीचे खास कोड आले की गप्प बसतो.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो, "सामान्य माणसाला कोड देऊन काय उपयोग? तो अर्धवट ज्ञानावर चुकीचा पार्ट आणेल." धोका खरा आहे. मोबाइलवर पी ०१७१ बघून थेट ऑक्सिजन सेन्सर मागवणारे महाभाग आहेतच. कोड तक्रार सांगतो, आरोपी नाही. हवा जास्त होण्यामागे फाटलेला होज असेल, मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल, दमलेला फ्युएल पंप असेल. पण म्हणून कोड लपवायचा? रक्ताचा रिपोर्ट आपल्याला पूर्ण कळत नाही, तरी लॅब तो आपल्याच हातात देते. तो घेऊन आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. दुसरं मत घ्यायची ही सोय गाडीच्या बाबतीत आपल्याला का नको?

"कंपनीचं मशीन कंपनीलाच कळतं, विश्वास ठेवा," हा दुसरा युक्तिवाद. तो २०१५नंतर कुणी करू नये. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच लबाडी केली होती. चाचणीत गाडी सभ्य आणि रस्त्यावर बेफाम. भारतात पुण्याच्या एआरएआयने तपासणी केल्यावर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं. मार्च २०१९मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. त्या गाड्यांचे मालक डॅशबोर्डवर विश्वास ठेवूनच चालवत होते.

आणि सरकार? पीयूसी केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी जाते, पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो, डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजला जातो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला कुणी हात लावत नाही. जो सॉकेट प्रदूषणासाठीच सक्तीचा केला, तो प्रदूषणाच्या तपासणीत वापरायचाच नाही, हा कारभार आपलाच! कॅलिफोर्नियात दिवा लागलेली गाडी तपासणीत नापास होते. कोड कालच पुसून आणला असेल, तरी चाचण्यांच्या कोऱ्या नोंदी चुगली करतात. तिथे पुसून फायदा नाही, म्हणून दुरुस्ती होते. इथे दुरुस्तीवाचून काही अडत नाही, म्हणून पुसलं जातं.

सरकार बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? भरपूर आहे. सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारं छोटं ब्लूटूथ यंत्र मोबाइलच्या कव्हरइतकं सहज मिळतं. कोड आणि तो पंचनामा, दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या, मगच गाडी कुणाच्या ताब्यात द्या. जॉब कार्डवर कोडचा आकडा लिहून मागा. पार्ट बदलला, तर हाच का, कुठली चाचणी केली, हे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने सुखावतो. जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

सेकंडहँड गाडी घेताना चावी फिरवून इंजिन सुरू न करता थांबा. पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याचा गळा दाबलेला असू शकतो. 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडाही बऱ्याच गाड्या देतात. गाडी साठ हजार चाललेली आणि कोड चौदा किलोमीटरपूर्वी पुसलेला असेल, तर विकणाऱ्याला चहा पाजा आणि घरी या.

रस्त्यात दिवा लागला, तर घाबरू नका. स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सांभाळून घरी न्या, लवकर तपासा. पिवळा लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढत असतं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल, तर पुढच्या वळणाचीही वाट बघू नका.

मागण्या तीनच आहेत. एक, कोड नोंदवल्याशिवाय तो पुसायला बंदी. दोन, पीयूसीत सॉकेटची तपासणी. तीन, कंपन्यांच्या खास कोडचा अर्थ फुकट आणि मराठीतसुद्धा. यातल्या एकाही मागणीसाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती फक्त आपली चिकाटी, आणि 'घालवून दे'ऐवजी 'वाचून दाखव' म्हणायची सवय.