फोन आला नाही म्हणजे…

उमरग्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या अक्कांचा एक नियम होता, "माझा फोन आला नाही म्हणजे मी बरी आहे असं समजा." गेल्या महिन्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. आम्हाला कळलं आठ दिवसांनी, तेही शेजारच्या पोरानं सांगितलं म्हणून. बसवकल्याणहून उमरगा ते किती दूर! आणि आठ दिवस आम्ही निवांत. मनाला फार लागलं.

माझा पुतण्या विजेच्या कामातला इंजिनिअर. तो म्हणाला, "काकू, तुमच्या दोन घरांतले दिवेसुद्धा बरीच वर्षं एका ठेक्यावर नव्हते."

मला नवलच वाटलं. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. विजेच्या एका जाळ्यातली सगळी जनित्रं एकाच ठेक्यावर चालावी लागतात, सेकंदाला ५० आवर्तनं. आपल्या दक्षिणेच्या जाळ्याचा ठेका पूर्वी वेगळा होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या केंद्रांतून वीज इकडून तिकडे जाई, पण ठेका जुळलेला नसे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका ठेक्यावर आला. आपल्या सीमाभागातूनच ही गाठ बांधली गेली, वाचकहो!

मग हा ठेका सांभाळतो कोण? प्रत्येक मोठ्या जनित्राला एक नियंत्रक असतो. मागणी वाढली की ठेका मंदावतो, तेव्हा तो वाफ किंवा पाणी वाढवतो. पण किरकोळ फरकासाठी तो हात हलवत नाही. सारखी ढवळाढवळ केली तर यंत्र झिजतं. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तरच हालचाल. मोठ्या जाळ्यांचा अभ्यास करणारे निरोपांनाही हाच नियम लावतात. गरज पडली तरच निरोप धाडायचा.

"म्हणजे अक्कांचंच बरोबर की!" मी म्हटलं.

"अर्धं बरोबर," तो म्हणाला. "नियंत्रक हात क्वचित हलवतो, पण मोजणं एक क्षणही थांबवत नाही. शिवाय निरोप आला नाही, याचे अर्थ दोन. सगळं ठीक आहे, नाहीतर तार तुटली आहे. म्हणून अधूनमधून 'मी आहे' एवढं तरी कळवावं लागतं. आणि अक्कांनी मर्यादाही फार मोठी धरली. पडल्या तरी त्यांच्या लेखी ती 'घटना' नव्हती!"

आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. "तुम्हाला कशाला त्रास," म्हणत दुखणं गिळतात, आणि आपणही ती शांतता सोयीची मानतो.

आता अक्का रोज सकाळी सात वाजता एक मिस कॉल देतात. पैसा लागत नाही, बोलणंही नाही. परवा सव्वासात झाले तरी फोन वाजला नाही. मीच लावला.

"अगं, दूध उतू जात होतं," अक्का म्हणाल्या, "एवढ्यासाठी फोन?"

हो अक्का, एवढ्यासाठीच.