इंजिनाचा आलेख मागा

मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी धापा टाकते, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. नाशिकच्या गॅरेजात मात्र तेच इंजिन शहाण्यासारखे चालते. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो. संकेतांक निघतो, ‘मिश्रण विरळ’. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. माझ्या मते ही साक्षीदारालाच शिक्षा झाली!

संकेतांक तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. स्कॅनर जोडूनच गाडी पुन्हा चढावर न्यावी आणि क्षणाक्षणाची नोंद घ्यावी. (नोंद यंत्र ठेवते, चालकाची नजर रस्त्यावरच हवी.) पेट्रोल इंजिनात वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण राखण्यासाठी संगणक धडपडत असतो. त्यामुळे नेहमीच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हेलकावे खातो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की संगणक पेट्रोल वाढवतो, आकडा ०.९ कडे जायला हवा. आता समजा, सपाटीवर नीट हेलकावणारा आकडा चढावर ०.१ लाच चिकटला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पेट्रोलच पुरत नाही! पंप किंवा फिल्टर तपासा.

या फेरीत वेळ जातो, पेट्रोल जळते. मेकॅनिकने त्याची मजुरी मागितली तर वडिलांना ती जरूर द्यायला सांगा. धडधाकट सेन्सरच्या बदलीचे पैसे मात्र देऊ नयेत.